मखमली गुलाबाचा वृत्तान्त : नावाचे सातत्य व वाणाचे सातत्य

१

जुन्या गुलाबांची सूचिपत्रे चाळणाऱ्यास 'टस्कनी' या वाणापुढे बहुधा सोळाव्या शतकाच्या अखेरचा काळ घातलेला आढळतो. हा वाण 'रोझा गॅलिका' या जातीचा. फूल अर्धदुहेरी, रंगाने किरमिजीकडून काळसर जांभळ्याकडे झुकणारे, पाकळ्यांवर मखमलीसारखी छाया आणि मध्यभागी उठून दिसणारे पिवळे पुंकेसर, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल. वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या आरंभी, तो फुलतो. इंग्लंडमध्ये 'जुना मखमली गुलाब' हेही त्याचेच नाव मानले जाते आणि या दुसऱ्या नावाच्या आधारेच त्याची वंशावळ जॉन जेरार्ड याच्या १५९७ च्या 'हर्बल' या वनस्पतिग्रंथापर्यंत नेण्यात येते. जेरार्डने मखमली गुलाबाचे वर्णन केले आहे. टस्कनीचा रंग व पोत त्या वर्णनाशी जुळतो. यास्तव आज बागेत उभे असलेले झुडूप हे जेरार्डने पाहिलेल्या झुडपाचेच अखंड विस्तारित रूप होय, असा हा युक्तिवाद आहे.

या युक्तिवादात तीन निरनिराळी विधाने एकत्र आली आहेत. पहिले, १५९७ मध्ये 'मखमली गुलाब' हे नाव प्रचारात होते. दुसरे, त्या नावाने एका गडद रंगाच्या गुलाबाचा निर्देश होत असे. तिसरे, तो गुलाब व आजचा टस्कनी हे एकच होत. पहिल्या विधानास लिखित पुरावा आहे. दुसऱ्यासही आहे, पण तो जितका बारकाईने वाचावा तितका गुंतागुंतीचा ठरतो. तिसऱ्या विधानास मात्र पहिल्या दोहोंपेक्षा वेगळा असा कोणताही आधार देण्यात येत नाही. पहिल्या दोहोंची सत्यता त्याच्याकडे आपोआप संक्रान्त होते, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत टिकते, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

प्रश्न वरवर पाहता उद्यानविद्येचा वाटेल. परंतु तो शब्द व पदार्थ यांच्या संबंधाचा असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकालाही तो परका नाही. व्युत्पत्तिकोशात एखाद्या शब्दापुढे त्याच्या प्रथम आढळाचे वर्ष दिलेले असते. ते वर्ष शब्दाच्या जन्माचे नव्हे, हे विद्यार्थ्यास आरंभीच शिकविले जाते. ते वर्ष त्या शब्दाच्या आजच्या अर्थाचेही नव्हे, हे शिकविण्याचे मात्र पुष्कळदा राहून जाते. मराठीतील 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज 'बटाटा'वरून आला. पण मुळात त्या शब्दाने रताळ्याचा बोध होत असे. एखाद्या जुन्या कागदात हा शब्द आढळला म्हणून त्या काळी बटाट्याची भाजी होत असे, असा निष्कर्ष काढणारा संशोधक चुकण्याचा संभव फार आहे. त्याच्या हाती लागलेले नाव खरे असते. चूक होते ती त्या नावाखालचा पदार्थ ठरविताना.

२

प्रथम जेरार्डच्या साक्षीचा विचार करू. ज्या ग्रंथावर सर्व भिस्त आहे, त्याची जडणघडण पाहणे अगत्याचे आहे. जेरार्ड हा लंडनचा शल्यवैद्य. होबर्न येथे त्याची बाग होती आणि तीतील वनस्पतींची यादी त्याने १५९६ मध्ये छापून प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी आलेल्या 'हर्बल'चा बराच भाग मात्र त्याच्या स्वतंत्र निरीक्षणाचा नाही. रेंबर्ट डोडोन्स या फ्लेमिश पंडिताच्या १५८३ च्या लॅटिन ग्रंथाचे इंग्रजी भाषान्तर प्रीस्ट नावाच्या वैद्याने हाती घेतले होते. जेरार्डचा ग्रंथ त्या सामग्रीवर मोठ्या प्रमाणात उभा आहे. त्यातील सुमारे अठराशे चित्रांपैकी बहुतेक सर्व ठसे जर्मनीतून आणविलेले असून ते टाबर्नेमोन्टानुस याच्या १५९० च्या चित्रसंग्रहात आधीच वापरले गेले होते. छपाई चालू असताना काही चित्रे भलत्याच वर्णनाखाली पडल्याचे उघडकीस आले आणि लोबेल या वनस्पतिशास्त्रज्ञाकडून दुरुस्त्या करवून घ्याव्या लागल्या. १६३३ मध्ये टॉमस जॉन्सन याने ग्रंथाची सुधारून वाढविलेली आवृत्ती काढली, तीही याच कारणासाठी.

तेव्हा या ग्रंथातील कोणतेही विधान 'जेरार्डने पाहिले' या अर्थाने घेण्यापूर्वी ते जेरार्डचे स्वतःचे आहे की उसने, हे तपासले पाहिजे. चित्राचा आधार तर जवळजवळ निरुपयोगी ठरतो. एका देशात कोरलेला ठसा दुसऱ्या देशातील बागेतल्या झुडपाची साक्ष देऊ शकत नाही.

मखमली गुलाबाचे वर्णन मात्र प्रत्यक्ष निरीक्षणाचा भास निर्माण करणारे आहे, हे मान्य केले पाहिजे. झुडूप ठेंगणे राहते; फांद्यांवर केसांसारखे बारीक काटेरी लव असते, पण ते इतके मऊ की कोवळ्या त्वचेलाही बोचत नाही; पाने पांढऱ्या गुलाबाच्या पानांसारखी; फुले दुहेरी, मध्ये पिवळे तंतू, आणि रंग गडद काळसर तांबडा, किरमिजी मखमलीची आठवण करून देणारा; अशा आशयाचे ते वर्णन आहे. ठेंगणेपणा व लवदार काटे ही गॅलिका जातीची लक्षणे असल्यामुळे हा गुलाब त्या जातीतील असावा, असे म्हणण्यास हरकत नाही. पण जात ठरली म्हणून वाण ठरत नाही. ज्या लक्षणांनी टस्कनी हा इतर गडद गॅलिका गुलाबांहून वेगळा ओळखला जातो, उदाहरणार्थ पाकळ्यांची संख्या, त्यांची ठेवण, पर्णिकेचा आकार, फळाची घडण, त्यांपैकी एकही येथे नाही. जेरार्डच्या वर्णनात टस्कनी बसतो. पण त्या वर्णनात टस्कनीखेरीज आणखी किती गुलाब बसतात, हा प्रश्न विचारला गेला नाही.

३

या प्रश्नाचे उत्तर जेरार्डनंतर अवघ्या बत्तीस वर्षांनी दुसऱ्या एका लेखकाने देऊन ठेवले आहे. जॉन पार्किन्सन या औषधविक्रेत्याचा उद्यानविषयक ग्रंथ १६२९ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्यात मखमली गुलाबास स्वतंत्र स्थान असून शीर्षकातच तो 'एकेरी' व 'दुहेरी' असा दुपेडी सांगितला आहे. वर्णनाकडे वळल्यावर ही संख्याही अपुरी पडते. पाच-सहा पाकळ्यांचा एक प्रकार. बाहेर मोठ्या व आत लहान अशा पाकळ्यांच्या दोन ओळी असलेला दुसरा प्रकार, जो दुहेरी असूनही एकेरीसारखाच दिसतो. आणि सोळा किंवा त्याहून अधिक, बहुतेक सारख्याच आकाराच्या पाकळ्या असलेला तिसरा प्रकार, ज्याचा रंग किंचित उजळ असू शकतो. तिन्ही प्रकारांना नाव एकच आणि तिन्हींचा वास साध्या तांबड्या गुलाबाहून कमी, असे पार्किन्सन नोंदवितो.

या उताऱ्याचे महत्त्व जितके वाटते त्याहून अधिक आहे. १६२९ मध्ये 'मखमली गुलाब' हे एका झुडपाचे विशेषनाम नव्हते, ते एका समूहाचे सामान्यनाम होते, असे त्यावरून निःसंदिग्धपणे दिसते. तेव्हा 'टस्कनी म्हणजेच जुना मखमली गुलाब' हे समीकरण मांडताना तिघांपैकी कोणता, याचा खुलासा व्हावयास हवा. अर्धदुहेरी फूल व ठळक पुंकेसर यांवरून दुसरा प्रकार जवळचा वाटेल. पाकळ्यांच्या संख्येवरून तिसरा वाटेल. प्रचलित विवेचनात बहुधा हा विकल्प उपस्थितच केला जात नाही. जेरार्डचे वर्ष जुने म्हणून ते उचलले जाते आणि पार्किन्सनचा तपशील अडचणीचा म्हणून बाजूस राहतो. जुन्यात जुनी साक्ष ती सर्वांत मोलाची, हा समज पाठचिकित्सेच्या क्षेत्रात केव्हाच त्याज्य ठरला आहे. अधिक तपशील देणारी उत्तरकालीन प्रत संक्षिप्त प्राचीन प्रतीपेक्षा अनेकदा अधिक सांगून जाते.

याखेरीज दोन्ही साक्षींत विसंगतीही आहे. जेरार्ड पानांची तुलना पांढऱ्या गुलाबाशी करतो. पार्किन्सन ती बहुतेक गुलाबांहून गडद हिरवी असल्याचे व पुष्कळदा सात पर्णिकांची असल्याचे सांगतो. जेरार्डला फांद्यांवर मऊ काटेरी लव दिसते. पार्किन्सनला कोवळ्या फुटव्यांवर काटे क्वचित किंवा मुळीच दिसत नाहीत. या विसंगती जुळवून घेणे अशक्य नाही. एकाने आकाराविषयी लिहिले, दुसऱ्याने रंगाविषयी. एकाने लवेस काटा म्हटले, दुसऱ्याने म्हटले नाही, असे समर्थन करता येईल. परंतु दोघांपुढे निरनिराळी झुडपे होती, हे स्पष्टीकरणही तितकेच सरळ आहे. ज्या पुराव्यातून दोन्ही निष्कर्ष सारख्याच सुलभतेने निघतात, तो पुरावा त्यांपैकी एकाच्या बाजूने उभा करता येत नाही.

४

आता खुद्द नावाकडे वळू. लॅटिनमध्ये या गुलाबास 'होलोसेरिका' हे विशेषण लावलेले आढळते. मूळ ग्रीक घटकांनुसार त्याचा अर्थ 'संपूर्ण रेशमी' असा होतो. उत्तरकालीन लॅटिनमध्ये तो निर्भेळ रेशमी वस्त्राचा वाचक होता; पुढे मखमलीचा वाचक झाला. म्हणजे हे नाव मुळात रंगाचे नाही, पोताचे आहे. रंग दर्शविण्यासाठी जेरार्डला 'मखमली'च्या जोडीला 'काळसर तांबडा' असे वेगळे शब्द वापरावे लागले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पोत हा या गुलाबाचा खरा विशेष आहे, याला आज शास्त्रीय आधारही देता येतो. गुलाबाच्या पाकळीच्या बाह्यत्वचेवरील पेशी शंकूच्या आकाराच्या असतात. त्यांवर पडणारा प्रकाश सरळ परावर्तित न होता पेशींच्या आत अधिक प्रमाणात शिरतो व रंगद्रव्यात शोषला जातो. रंगद्रव्य मुबलक असेल तर पाकळीचा पृष्ठभाग कापडाच्या उभ्या धाग्यांप्रमाणे प्रकाश गिळणारा व म्हणूनच काळसर भासतो. या रंगद्रव्याचे स्वरूप रिखार्ड व्हिल्स्टेटर याने पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे केलेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. निळ्या कॉर्नफ्लॉवर फुलातील व तांबड्या गुलाबातील सायनिन हे द्रव्य एकच, असे त्यातून दिसून आले. कोणत्याही गुलाबात काळे रंगद्रव्य नाही. 'काळा गुलाब' हा तांबड्या द्रव्याच्या दाटपणाचा व पेशींच्या आकाराचा संयुक्त परिणाम होय.

त्यामुळे 'काळा' या विशेषणाचा अर्थ वस्तूत न शोधता भाषेत शोधावा लागतो. मराठी वाचकास हे उमगण्यास अडचण पडू नये. 'काळी तुळस' काळी नसते. तिची पाने व देठ जांभळट असतात. 'काळा धोतरा' याचे फूलही जांभळे असते. येथे 'काळा' हा शब्द रंगाचे माप सांगत नाही, तर पांढऱ्या किंवा हिरव्या सोबत्याच्या तुलनेत गडद कोण, एवढेच सांगतो. ते विरोधदर्शक विशेषण आहे. विरोध ज्या सोबत्यांशी, ते बदलले की विशेषणाचा अर्थही बदलतो. जेरार्डच्या काळी युरोपातील बागेत गडदपणाची तुलना साध्या तांबड्या गॅलिका गुलाबाशी होत असे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात चीनमधून खरा किरमिजी गुलाब इंग्लंडात आला आणि एकोणिसाव्या शतकात त्याच्या संकरातून गडद तांबड्या गुलाबांची नवी परंपरा निर्माण झाली. या परंपरेच्या शेजारी ठेविला असता जुना गॅलिका गुलाब तांबडा न दिसता जांभळा दिसू लागला. फूल तसेच राहूनही त्याचे वर्णन बदलणे अपरिहार्य झाले.

शिवाय गडद गॅलिका फूल उमलल्यापासून गळेपर्यंत एका रंगाचे राहत नाही. प्रथम किरमिजी, मग जांभळट, शेवटी धुरकट असा त्याचा क्रम असतो. वर्णन करणाऱ्याने ते कोणत्या दिवशी पाहिले, यावर त्याचे शब्द अवलंबून राहतात. म्हणजे रंगाच्या साक्षीवर वाणाची ओळख पटविणे हे अत्यंत धोक्याचे काम असून नेमके तेच काम या वृत्तान्तात सर्वाधिक विश्वासाने केले गेले आहे.

५

'टस्कनी' हे नाव जेरार्ड किंवा पार्किन्सन यांच्या वर्णनात नाही. इंग्लंडातील उद्यानविषयक वाङ्मयात ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळलेले दिसते. १८३७ च्या सुमारास 'टस्कनी सुपर्ब' हा त्याचा अधिक दुहेरी, मोठ्या फुलाचा सोबतीही नोंदला गेला. यात पाकळ्या इतक्या वाढल्या आहेत की पुंकेसर फारसे दिसत नाहीत. हा मूळ टस्कनीचे बीजरोप असो वा फांदीवर अकस्मात झालेला बदल असो, त्याच्या अस्तित्वातून एक गोष्ट सिद्ध होते. अगदी जवळचे, एकमेकांशी घोटाळा होण्याजोगे दोन गडद गॅलिका गुलाब त्या काळी एकाच नावाच्या छत्राखाली नांदू लागले होते. जे १६२९ मध्ये झाले तेच दोनशे वर्षांनी पुन्हा झाले.

'टस्कनी' या नावावरून हा गुलाब इटलीतील त्या प्रांतातून आला, असे अनुमान सहज सुचते. परंतु गुलाबांच्या नावांतील भूगोल हा पुराव्याचा भूगोल नव्हे. लिनेयसने १७५३ मध्ये 'गॅलिका' म्हणजे 'गॉल देशाचा' हे नाव ज्या जातीस दिले, ती मध्य व दक्षिण युरोपापासून तुर्कस्तान व कॉकेशसपर्यंत नैसर्गिक रीत्या आढळते. 'दमास्क' गुलाबाचे नाव दमास्कस नगरावरून पडले. पण २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात त्याच्या तीन पूर्वजांपैकी एक मध्य आशियातील 'फेडशेन्कोआना' ही जाती असल्याचे दिसून आले. नाव व्यापाराचा मार्ग सांगते, कधी प्रतिष्ठेचा उगम सांगते, कधी केवळ विक्रेत्याची आवड सांगते. मराठीतील 'गुलाब' हा शब्दच याचे उदाहरण आहे. फारसीत फूल ते 'गुल' व 'गुलाब' म्हणजे फुलाचे पाणी, अर्थात गुलाबपाणी. आपल्याकडे पाण्याचे नाव फुलास मिळाले. शब्दाचा प्रवास व फुलाचा प्रवास एकाच वाटेने झाला, असे धरून चालणाऱ्यास येथे फुलाआधी अत्तरदाणीचा इतिहास लिहावा लागेल.

टस्कनीच्या प्रकरणात एका नावाखाली अनेक झुडपे दिसतात. याच्या उलट प्रकार दुसऱ्या एका गडद गॅलिका गुलाबाच्या बाबतीत घडला आहे. 'महेका', 'ला बेल सुलतान' व 'व्हिओलासेआ' ही तिन्ही नावे आजच्या याद्यांत एकाच वाणाची पर्यायी नावे म्हणून दिली जातात. 'महेका' हे नाव रेदुते या चित्रकाराच्या १८१७ ते १८२४ या काळात प्रसिद्ध झालेल्या गुलाबचित्रांच्या संग्रहात आले आहे. त्यास तोरी याने वर्णने लिहिली. तिन्ही नावे एकाच वाणाची असणे शक्य आहे. परंतु पर्याय म्हणून नावे एकत्र करणे हाही एक निर्णय असतो आणि त्याची कारणे नावांच्या शेजारी क्वचितच छापली जातात. एकदा नावे एकत्र झाली म्हणजे त्यांपैकी प्रत्येकाचा इतिहास सर्वांचा इतिहास होऊन बसतो.

'सुंदर सुलताना' या नावाने तर दन्तकथेलाही आश्रय दिला. सम्राज्ञी जोसेफिनची दूरची बहीण एमे द्यु ब्युक दे रिव्हेरी ही १७८८ मध्ये समुद्रप्रवासात नाहीशी झाली. ती तुर्की सुलतानाच्या अंतःपुरात पोहोचून पुढे सुलतान दुसरा महमूद याची माता झाली, अशी कथा प्रचलित आहे आणि गुलाबाचे नाव तिच्याशी जोडण्याचा मोह अनेकांना झाला आहे. दुसऱ्या महमूदाचा जन्म १७८५ चा, म्हणजे ती नाहीशी होण्यापूर्वी तीन वर्षे. एवढी एक तारीख पाहिली असती तरी कथेचा हा भाग गळून पडला असता. परंतु नावाला कथा हवी असते आणि ती मिळाली की तारखा पाहण्याची गरज वाटेनाशी होते. 'जुना मखमली गुलाब' या नावातील 'जुना' हे विशेषणही याच प्रकारे कार्य करीत आले आहे. ते वयाचा पुरावा देत नाही. ते वयाची अपेक्षा निर्माण करते.

६

येथपर्यंतची टीका निषेधात्मक आहे. कागदपत्रांतून काय सिद्ध होत नाही, हे तीत दाखविले. परंतु गुलाबाच्या बाबतीत कागदाखेरीज आणखी एक दस्तऐवज असतो, तो म्हणजे प्रत्यक्ष झुडूप.

बागेतील वाण बीजाने वाढविला जात नाही. फुटवा तोडून, फांदीचे कलम लावून किंवा दुसऱ्या खुंटावर डोळा भरून तो पुढे चालविला जातो. म्हणून एका वाणाची हजारो झुडपे ही तत्त्वतः एकाच झुडपाचे विखुरलेले अवयव असतात. ही क्रिया हस्तलिखिताच्या प्रती करण्यासारखी आहे, असे सहज म्हटले जाते. परंतु एका महत्त्वाच्या बाबतीत ती अगदी उलट आहे. ग्रंथाची प्रत करताना नाव बहुधा शाबूत राहते आणि पाठ बिघडतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरले म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिचे शुद्धीकरण करावे लागले. तो ग्रंथ ज्ञानेश्वरीच आहे, याविषयी कोणाला संशय नव्हता. गुलाबाच्या बाबतीत पाठ, म्हणजे झुडूप, जवळजवळ निर्दोष उतरते. बिघडते ते नाव. ग्रंथ शुद्ध व पुष्पिका भ्रष्ट, अशी ही परंपरा आहे. म्हणून येथे नावावरून झुडपाची परीक्षा न करता झुडपावरून नावाची परीक्षा करणे सयुक्तिक ठरते.

'जवळजवळ निर्दोष' हे शब्द मात्र जपून वापरले पाहिजेत. फांदीवर अकस्मात बदल होऊन नवे रूप निघू शकते. तांबड्या गॅलिका गुलाबापासून निघालेला पट्टेदार 'रोझा मुंडी' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण असून त्याच्या फांद्या कधीकधी मूळ तांबड्या रूपाकडे परततात. दुसरे असे की, गॅलिका गुलाबास फळ व बी धरते. सतराव्या व अठराव्या शतकांत हॉलंडमध्ये आणि पुढे फ्रान्समध्ये बियांपासून या जातीचे असंख्य वाण काढले गेले. अशा पेरणीतून गडद, अर्धदुहेरी, पिवळ्या पुंकेसरांची रोपे पुनःपुन्हा निघणे स्वाभाविक होते. मूळ झुडूप मेले व त्याच्या पायथ्याशी उगवलेले बीजरोप त्याच नावाने वाढले, तर ते ओळखण्याचे साधन जुन्या माळ्याकडे नव्हते आणि तशी गरजही त्याला भासली नसती.

झुडूप टिकले, पण नाव हरवले, याचे एक सुंदर उदाहरण विसाव्या शतकात मिळाले. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या लेखिकेने १९३० मध्ये केंट परगण्यातील सिसिंगहर्स्ट ही पडीक गढी घेतली. तेथील गचपण काढताना एक गडद रंगाचा गॅलिका गुलाब उगवलेला आढळला. तो 'रोझ दे मोर' या जुन्या नावाने व 'सिसिंगहर्स्ट कॅसल' या स्थलनामाने ओळखला जाऊ लागला आणि १९४७ मध्ये पुन्हा प्रचारात आणण्यात आला. त्याचेही फूल अर्धदुहेरी, काळसर तांबडे व पिवळ्या पुंकेसरांचे आहे. जेरार्डचे वर्णन हाती घेऊन कोणी या झुडपापुढे उभा राहिला असता, तर त्यालाही 'हाच तो मखमली गुलाब' असे म्हणण्यास पुरेशी लक्षणे मिळाली असती. टस्कनीस तो मान मिळाला व यास मिळाला नाही, याचे कारण वनस्पतिशास्त्रीय नाही. टस्कनी सूचिपत्रांत होता आणि सिसिंगहर्स्टचे झुडूप गवतात होते.

७

वाणांच्या नावांसंबंधी शिस्त बसविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. एल. एच. बेली याने १९२३ मध्ये लागवडीतील वाणासाठी 'कल्टिव्हार' ही संज्ञा घडविली; १९५३ मध्ये अशा नावांची आन्तरराष्ट्रीय नियमावली प्रथम प्रसिद्ध झाली. ती उपयुक्त आहे, याविषयी दुमत नाही. पण प्रस्तुत प्रश्नास तिचे उत्तर मिळत नाही, कारण नियमावलीनुसार वाणाची ओळख त्याच्या विशिष्ट लक्षणांवरून होते. लक्षणे वेगळी काढता येत नसतील तर निरनिराळ्या मुळांची झुडपेही एकाच वाणात समाविष्ट होऊ शकतात. व्यवहारास हे योग्यच आहे. गुलाब विकत घेणाऱ्यास फूल हवे असते, वंशावळ नव्हे. परंतु हा व्यवहाराचा नियम इतिहासात शिरला म्हणजे 'तसाच' या शब्दाच्या जागी 'तोच' हा शब्द नकळत येतो आणि सर्व घोटाळा तेथे सुरू होतो.

जनुकीय तपासणीचे साधन आज उपलब्ध आहे. निरनिराळ्या बागांतील टस्कनी एकच आहेत किंवा नाहीत, सिसिंगहर्स्टचे झुडूप त्यांच्याहून कितपत वेगळे आहे, 'महेका'ची पर्यायी नावे खरोखर एका वाणाची आहेत काय, हे प्रश्न या साधनाने सोडविता येतात. परंतु तपासणीस दोन नमुने लागतात. होबर्नच्या बागेतील झुडपाचा नमुना हाती नसताना आजच्या झुडपाची तुलना केवळ शब्दांशी होऊ शकते आणि शब्दांत जनुके नसतात.

यावरून टस्कनीविषयी पुढील तीन गोष्टी सांगता येतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये 'मखमली' म्हटला जाणारा गडद रंगाचा, बहुधा गॅलिका जातीचा गुलाब होता. १६२९ पर्यंत त्या नावाखाली निदान तीन प्रकार ओळखले जात होते. आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून 'टस्कनी' नावाचा गडद अर्धदुहेरी गॅलिका वाण बागांत आहे. पहिल्या दोहोंतून तिसऱ्याकडे जाणारा मार्ग संभाव्य आहे, सिद्ध नाही. म्हणून सूचिपत्रांनी व कोशांनी एका वर्षाऐवजी दोन वर्षे द्यावीत : एक, अशा वर्णनाचा गुलाब प्रथम केव्हा नोंदला गेला त्याचे, दुसरे, आजचे नाव धारण करणारे झुडूप केव्हापासून निश्चितपणे आढळते त्याचे. पहिले वर्ष वर्णनाच्या प्रकाराचे राहील, दुसरे वाणाचे. दोहोंमधील अंतर रिकामे दिसेल. पण ते रिकामे दाखविणे हेच प्रामाणिकपणाचे आहे.

असे केल्याने या गुलाबाचे मोल कमी होईल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. उलट त्या रिकाम्या अंतरात कोण होते, याकडे लक्ष जाईल. वर्णने लिहिणारे वैद्य, औषधविक्रेते व पंडित यांची नावे ग्रंथांवर आहेत. त्यांनी झुडपे टिकविली असतीलच असे नाही. झुडपे टिकविणाऱ्यांनी फुटवा काढून शेजाऱ्यास दिला, कुंपणाच्या कडेला लावला, लेकीच्या घरी पाठविला. त्यांनी काही लिहिले नाही. लिहिणाऱ्यांचे वर्ष उचलून ते राखणाऱ्यांच्या झुडपास चिकटविले म्हणजे राखणाऱ्यांचा इतिहास पुसला जातो. आजचा टस्कनी १५९७ चा असो वा नसो, तो कोणाच्या तरी हातांनी येथवर आला आहे. संशोधकाने निदान त्या हातांच्या जागी एका ग्रंथाचे नाव घालू नये.